आंब्याची सालं आणि बाठे: गॅस प्लांट घ्यावा का?

बाठेवाली | १२ फेब्रुवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. वाचक जुनी आहे, धागा पहिलाच काढतेय, सांभाळून घ्या.

राजापूर तालुक्यात आमचं छोटं कॅनिंग आहे. मी आणि माझी जाऊ चालवतो. एप्रिलच्या शेवटापासून पाऊस लागेपर्यंत, म्हणजे जेमतेम चाळीस दिवस, रोज दीड टन आंबा फोडतो. रस डब्यात जातो, पैसे (उशिरा का होईना) खात्यात येतात, उरतो तो कचरा. रोज साधारण अडीचशे किलो साल-चोथा आणि तीनशेच्या आसपास ओले बाठे. आजवर मागच्या कातळात खड्डा करून टाकत होतो. वरून माती. दोन दिवसांत आंबूस वास, चिलटांचे ढग, आणि पहिला पाऊस पडला की काळं पाणी उताराला. गेल्या वर्षी खालच्या वाडीने ग्रामपंचायतीत अर्ज दिला. त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही, विहीर त्यांची आहे.

आता एक गृहस्थ येऊन गेले. बायोगॅस प्लांट, पंचवीस घनमीटर, सगळं बसवून साडेआठ लाख. "ताई, तुमचा गॅस फुकट होईल." आमचा सीझनला रोज १९ किलोचा एक सिलिंडर जातो. जाऊ म्हणते घेऊन टाकू, अनुदान मिळेल. मला कुठेतरी खटकतंय पण नेमकं काय ते कळत नाही. कुणी असं काही केलंय का? सालीचं, बाठ्याचं आणखी काय होतं?

चहाटळ | १२ फेब्रुवारी, रात्री १०:५२

पहिला मी. सालीचं काय होतं माहीत नाही, पण रसाचं काय करायचं ते मी येऊन सांगू शकतो. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

टोपीवाला | १२ फेब्रुवारी, रात्री ११:१५

जागा राखून ठेवतो. उद्या सविस्तर.

सदाशिवपेठी | १३ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

अगदी जिव्हाळ्याचा विषय. आमच्या गच्चीवर 'आरती'चा (डॉ. आनंद कर्वे यांची संस्था) छोटा प्लांट होता. एक हजार लिटरची काळी टाकी आणि तिच्यात उलटी बसणारी साडेसातशेची. गॅस जमला की आतली टाकी वर येते, ती किती वर आली हे बघायला सकाळी चहाआधी गच्चीवर जायचं व्यसनच लागलं होतं मला. त्यांचा मूळ मुद्दा फार सुंदर होता: शेण म्हणजे गाईने एकदा पचवून टाकलेला माल, त्यात जीव कितीसा राहिलेला असणार? जंतूंना थेट पिठूळ आणि गोड खायला द्या. दोन किलो कोरडं पीठ किंवा साखर यातून अर्धा किलो मिथेन. संस्थेला २००६ साली लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला तो यासाठीच.

आंब्याची साल गोडच. तेव्हा घ्या बिनधास्त!

रसायनकाका | १३ फेब्रुवारी, सकाळी ९:०५

सदाशिवपेठी, कर्व्यांचं गणित बरोबर आहे, पण ते *कोरड्या* साखरेचं. ओल्या सालीत पाऊणहून जास्त पाणीच असतं. बाठेवालीताई, जरा आकडे मांडू.

अडीचशे किलो साल-चोथा. त्यात घन भाग २० टक्के धरा, म्हणजे ५० किलो. चांगल्या चालणाऱ्या प्लांटात दर किलो घन भागामागे साधारण ०.३ घनमीटर मिथेन मिळतो. म्हणजे दिवसाला १४-१५ घनमीटर मिथेन, आणि बायोगॅस म्हणून बघितलं तर (त्यात मिथेन साठेक टक्के, बाकी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड) २४-२५ घनमीटर. एक घनमीटर बायोगॅस म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम एलपीजी. हिशेब ११ किलोवर आला. तुमच्या रोजच्या सिलिंडरचा अर्ध्याहून थोडा जास्त.

वाईट नाही. पण हे चाळीस दिवस. चाळीस गुणिले ११ म्हणजे ४४० किलो, २३ सिलिंडर. एकाला अठराशे धरले तर वर्षाला चाळीस-एकेचाळीस हजार. साडेआठ लाखांना भागा.

चहाटळ | १३ फेब्रुवारी, सकाळी ९:११

एकवीस वर्षं. तोवर जाऊबाई वेगळ्या राहायला गेलेल्या असतील.

बाठेवाली | १३ फेब्रुवारी, दुपारी १:२०

काका, हे कागदावर लिहून जावेला दाखवलं. ती म्हणाली, "तुझ्या त्या लोकांना म्हणावं, उरलेले अकरा महिने पण प्लांट चालेल की." बरोबर ना? (चहाटळ, ती शेजारीच बसून वाचतेय.)

फुकफुक | १३ फेब्रुवारी, दुपारी ३:४८

ताई, थांबा. माझी कहाणी ऐका मग ठरवा. आयडी उगाच घेतलेला नाही.

आमचं फणस-कोकम-आंबा असं मिश्र प्रक्रिया युनिट, रत्नागिरीच्या बाजूला. तीन वर्षांपूर्वी मी प्लांट बसवला. कंपनीचं नाव विचारू नका, भांडण मिटलंय. एप्रिलमध्ये बांधून झाला, शेण कालवून घातलं, दहाव्या दिवशी ज्योत पेटली, बायकोने पेढे वाटले. एक मे रोजी कॅनिंग सुरू. मी पहिल्याच दिवशी दोनशे किलो साल आत लोटली. दुसऱ्या दिवशी डोम टम्म! मी खूश. तिसऱ्या दिवशी बर्नर लावला तर फुक... फुक... आणि विझला. परत लावला, परत फुक. गॅस होता भरपूर, पण सगळा कार्बन डायऑक्साइड. पाचव्या दिवशी इनलेटमधून फेस वर आला. बियरसारखा. वास मात्र बियरसारखा नव्हता.

झालं असं की गोड माल आत गेला की आधी आम्ल करणारे जंतू तुटून पडतात. ते भराभर वाढतात. त्या आम्लाचा मिथेन करणारे जंतू संथ, नाजूक, सहाच्या खाली पीएच गेला की संपावर. शेणात आम्ल झेलायची ताकद असते, आंब्याच्या सालीत नाही. मग मी चुन्याची निवळी, ताजं शेण, खाणं बंद, असं करत तीन आठवडे बसलो. ज्योत परत पेटली तेव्हा तारीख होती २९ मे. पावसाने वेळ गाठलीच, ४ जूनला कॅनिंग बंद.

म्हणजे हे जंतू जनावरासारखे सांभाळावे लागतात. अकरा महिने उपाशी ठेवून बाराव्या महिन्यात लग्नाचं जेवण घातलं तर पोट बिघडणारच. वर्षभर चालवायचा तर वर्षभर शेण हवं. तुमच्याकडे गुरं किती?

बाठेवाली | १३ फेब्रुवारी, दुपारी ४:३०

एक म्हैस. तीही सासूबाईंची. :)

मला खटकत होतं ते हेच बहुतेक. कचरा दीड महिन्याचा आणि प्लांट बारा महिन्यांचा.

टोपीवाला | १३ फेब्रुवारी, रात्री ९:५५

काल जागा राखली होती ती वापरतो.

सरसकट नाउमेद करू नका लोकहो. मोठ्या प्रमाणावर हे चालतं. जळगावात 'जैन इरिगेशन'च्या कारखान्यात फळांच्या कचऱ्यावर बायोगॅस आणि त्यावर वीज होते. पण त्यांच्याकडे आंबा संपला की दुसरं फळ, मग कांदा, पांढरपेशा नोकरदारासारखा वर्षभर नियमित कचरा. भाभा अणुसंशोधन केंद्राचं डॉ. शरद काळ्यांचं 'निसर्गऋण' तंत्र आहे, माथेरानला त्याचा प्लांट आहे. त्यात कचरा आधी एका वेगळ्या टाकीत हवा खेळवून, गरम पाण्यात अर्धवट पचवतात आणि मग बंद टाकीत सोडतात. फुकफुक यांचा फेसाचा प्रश्न तिथे बराचसा आटोक्यात येतो.

आणि प्लांट हवाच असेल तर साडेआठ लाखांचा कशाला? विटांचा घुमटवाला 'दीनबंधू' गवंडी बांधतो. सिंधुदुर्गात झारापच्या भगीरथ प्रतिष्ठानने गावोगाव बायोगॅस बांधलेत, तिथे जाऊन आधी चार चालू प्लांट बघा. घरच्या म्हशीच्या शेणावर लहानसा बांधा, वर्षभर घरचा चहा होईल, आणि सीझनमध्ये रोज पंधरा-वीस किलो साल जास्तीची. हळूहळू वाढवत.

अनुदानाचं म्हणाल तर केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना २०२० साली आली, प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख. ती अजून चालू आहे का आणि त्यात नेमकं काय बसतं ते जिल्हा कृषी कार्यालयात विचारा. अनुदान आहे म्हणून वस्तू घेणं मात्र... असो.

वाळपयकार | १४ फेब्रुवारी, सकाळी ८:१०

सत्तरीतून (गोवा) लिहितो. तुम्ही लोक कचरा म्हणून फेकता त्यावर आमचं अर्थकारण चाललंय, हे नम्रपणे नमूद करतो.

काजूचं बोंड. बी काढून घेतली की बीच्या सहा-सात पट वजनाचं बोंड उरतं. महाराष्ट्रात बागेत सडत पडतं. आमच्याकडे तुडवून रस काढतात, आंबवतात, भाटीवर चढवतात. पहिल्या धारेची हुर्राक, ती परत ऊर्ध्वपातित केली की फेणी. २००९ मध्ये फेणीला भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणजे फळप्रक्रियेच्या कचऱ्यापासून ऊर्जा.

चहाटळ | १४ फेब्रुवारी, सकाळी ८:१४

ही ऊर्जा मी स्वतः अनुभवली आहे. दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं.

वेंगुर्लेकर_बाय | १४ फेब्रुवारी, सकाळी १०:३५

वाळपयकार, आमच्याकडेही आता बोंडांचं सरबत, सायरप होतं, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात त्याचं प्रशिक्षणही देतात. पण बोंड एका दिवसात घाण होतं, आणि घशाला खवखवतं ते वेगळंच. बोंड गोळा करायची मजुरी सुटत नाही ही खरी अडचण. तुमच्याकडे बाटलीला गिऱ्हाईक आहे म्हणून सुटते.

काजूचा खरा शहाणपणा टरफलात आहे. टरफलाचं तेल निघतं, ते रंगात, गाडीच्या ब्रेकच्या अस्तरात जातं. तेल काढून उरलेली पेंड आमच्या काजू फॅक्टऱ्या बॉयलरला जाळतात. त्यांना कुणी प्रकल्प अहवाल लिहून दिला नव्हता. फक्त एक सांगते, अंगाला तेल लागलं तर कातडी सोलते. माझ्या आईच्या बोटांवर ठसेच राहिले नव्हते. आधारच्या वेळी मशीन घेईना.

मालवणी_मसालो | १४ फेब्रुवारी, सकाळी ११:०२

बाय, खरा बोललंस. आणि मुठेलाचा नाव कोणी काढूक नाय ता? आमच्या आवशीन काडलेला माका आठावता.

वेंगुर्लेकर_बाय | १४ फेब्रुवारी, सकाळी ११:४०

हो हो, मुठेल! बाकीच्यांसाठी सांगते. कोकमाची साल मिठात-रसात भिजवून आमसुलं झाली की बिया उरतात. त्या सुकवायच्या, टरफल काढून आतला गर कुटायचा आणि पाण्यात उकळत ठेवायचा. वर तेल तरंगतं, ते पळीने काढून घ्यायचं. गार झालं की मेणासारखं घट्ट होतं. मग मुठीत दाबून त्याचे मुटके करायचे, मुठीतलं तेल म्हणून मुठेल. गोव्यात भिरंडेल म्हणतात. आमच्या घरी देवळीत पणतीशेजारी एक मुटका कायम असायचा, त्यावर सगळ्या घराच्या बोटांचे खड्डे. टाचांच्या भेगांना तेच, थंडीत ओठांना तेच, आणि आजी ते भाकरीलाही लावायची. आता तेच डबीत घालून 'कोकम बटर' म्हणून विकतात आणि आम्ही विकत घेतो.

रसायनकाका | १४ फेब्रुवारी, दुपारी १२:२५

बाय, उत्तम वर्णन. यात एक भर. कोको बटरशिवाय चॉकलेटात कोणती स्निग्धं चालतील याचा युरोपियन युनियनचा २००० सालचा नियम आहे. ५ टक्क्यांपर्यंत परवानगी असलेल्या सहा स्निग्धांत कोकमाचं आहे, आंब्याच्या कोयीतल्या गराचं आहे आणि सालाचंही आहे. तिन्ही आपल्याकडची.

सदाशिवपेठी | १४ फेब्रुवारी, दुपारी १२:३१

सालीपासून स्निग्ध? कोणत्या फळाच्या?

रसायनकाका | १४ फेब्रुवारी, दुपारी १२:३३

साल नावाचं झाड असतं हो. मध्य भारतात जंगलंच्या जंगलं आहेत.

सदाशिवपेठी | १४ फेब्रुवारी, दुपारी १२:३४

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे).

बाठेवाली | १४ फेब्रुवारी, रात्री ९:४०

काका, मग माझ्या बाठ्यांतून ते चॉकलेटचं लोणी काढता येईल का? एकदम श्रीमंत झाल्यासारखं वाटलं वाचून.

रसायनकाका | १४ फेब्रुवारी, रात्री १०:२०

येईल, पण तुम्हाला नाही. वाळलेल्या गरात स्निग्ध दहाएक टक्केच, कोकमासारखं उकळून वर येत नाही, विद्रावक वापरून काढावं लागतं. त्याला मोठा कारखाना आणि हजारो टन बाठे लागतात. शिवाय बाठे लगेच वाळवून फोडावे लागतात, ओले ठेवले की बुरशी येते आणि स्निग्ध खवट होतं.

तेच सालीतल्या पेक्टिनचं. जॅम घट्ट करायला जे पेक्टिन लागतं ते बाजारात मुख्यतः लिंबू-संत्र्याच्या साली आणि सफरचंदाच्या चोथ्यापासूनचं. आंब्याच्या सालीतही चांगलं असतं, पण आम्ल, अल्कोहोल, गाळणी, वाळवणी. प्रयोगशाळेत सोपं, राजापुरात अवघड.

नागपूरची_नारंगी | १५ फेब्रुवारी, सकाळी ९:५०

संत्र्याच्या सालीवरून आठवलं. बायोगॅसमध्ये ती टाकू नका बाप्पा! सालीच्या तेलात लिमोनीन असतं, ते मिथेनवाल्या जंतूंना मारतं. आधी तेल काढून घ्यावं लागतं, ते साबण-सफाईच्या द्रावणाला चांगल्या भावात जातं, मंग उरलेली साल प्लांटला. आमच्याकडे अडचण उलटी आहे, संत्रा सोलून खाणारे लोक आहोत आम्ही. रस काढणारा मोठा कारखाना असेल तर साल एका जागी जमते. घरोघरच्या कचऱ्याच्या डब्यातून कोण गोळा करत बसेल?

हिरवीमाया | १५ फेब्रुवारी, सकाळी १०:४५

मला आश्चर्य वाटतं की इतक्या चर्चेत बायोएन्झाइमचा उल्लेख नाही! एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने. फरशी, संडास, भांडी, झाडं, सगळ्याला चालतं. मी चार वर्षं बाजारचं फिनेल आणलेलं नाही. ताई, तुम्ही हे बाटल्यांत भरून विका!

फुकफुक | १५ फेब्रुवारी, सकाळी ११:१०

हिरवीमायाताई, त्यांची साल रोज अडीचशे किलो. तुमच्या प्रमाणाने रोज ८३ किलो गूळ आणि ८३३ लिटर पाणी. मे महिन्यात. राजापुरात. चाळीस दिवसांचं मिळून सव्वातीन टन गूळ होतो. पाण्याचा टँकर येतो त्याला काय सांगायचं, फरशी पुसायचीय?

हिरवीमाया | १५ फेब्रुवारी, सकाळी ११:२५

मी काही सगळ्याचं करा म्हटलं नाही. हेतू समजून घ्या.

चहाटळ | १५ फेब्रुवारी, सकाळी ११:४०

आमच्या सौंनी केलं होतं. पहिला महिनाभर रोज बूच सैल करून हवा सोडायची असते. आम्ही लग्नाला चार दिवस नगरला गेलो. परत आलो तर स्वयंपाकघराच्या छतावर लिंबाच्या साली. फरशी खरंच स्वच्छ झाली, पुसावीच लागली ना!

रानोमाळ | १५ फेब्रुवारी, रात्री ८:३०

थोडं अवांतर, पण भारी गोष्ट आहे. कोस्टारिकात नव्वदच्या दशकात एका संत्रा कंपनीने राष्ट्रीय उद्यानातल्या उजाड कुरणावर सुमारे १२ हजार टन साली-चोथा आणून ओतला, परिसंस्थेचे अभ्यासक डॅनियल जॅन्झन आणि विनी हॉलवॉक्स यांच्या सल्ल्याने. प्रतिस्पर्धी कंपनी कोर्टात गेली की तुम्ही उद्यान घाण केलंत, आणि काम थांबलं. सोळा वर्षांनी प्रिन्स्टनचा टिमथी ट्रॉयर नावाचा अभ्यासक ती जागा शोधायला गेला तर रान इतकं माजलेलं की पाटीच सापडेना. शेजारच्या साली न टाकलेल्या भागापेक्षा झाडोऱ्याचं वस्तुमान १७६ टक्के जास्त. २०१७ ला निबंध आला. यंत्र नाही, बॉयलर नाही. नुसतं ओता आणि विसरा!

बाठेवाली | १५ फेब्रुवारी, रात्री ९:०५

रानोमाळ, आम्हीही ओतून विसरलोच होतो. खालची वाडी विसरली नाही.

टोपीवाला | १५ फेब्रुवारी, रात्री ९:३०

हाहा. पण मुद्दा खरा आहे. तिथे सपाट कुरण आणि खाली माती. आपल्याकडे जांभा दगड, चाळणीसारखा, उतार, आणि महिनाभरात पाऊस. सालीचं पाणी थेट झऱ्याला. खड्डा करणं हा तर सगळ्यात वाईट उपाय, हवा लागत नाही म्हणून कुजतं आणि आंबतं. खतच करायचं तर जमिनीवर, छपराखाली, पेंढा-पातेऱ्याबरोबर थर लावून.

गोठ्यातला_डॉक्टर | १६ फेब्रुवारी, सकाळी ६:४५

मी पशुवैद्य, त्यामुळे गाईच्या बाजूने बोलतो.

साल गुरं आवडीने खातात. पण एकदम पाटीभर घातली तर फुकफुक यांच्या प्लांटला झालं तेच गाईच्या पोटात होतं. आम्ल वाढतं, रवंथ बंद, जनावर बसतं. गाय म्हणजे चार पायांचा बायोगॅस प्लांटच आहे. एक केस आठवते, आंबलेल्या सालीचा ढीग खाऊन म्हैस झुलत होती, मालकाला वाटलं सर्पदंश.

करायचं असं: ताजी साल, त्यात भाताच्या पेंढ्याची कुट्टी मिसळा. पेंढा जास्तीचं पाणी पितो. जाड प्लॅस्टिकच्या मुरघासाच्या (मुरघास म्हणजे हवाबंद करून मुरवलेला चारा) पिशवीत थराथराने दाबून, तुडवून, हवा काढून तोंड गच्च बांधा. दीड महिन्याने उघडा. वास लोणच्यासारखा हवा, सडका नको. रोज थोडं, बाकी चाऱ्यात मिसळून. प्रथिनं यात कमी असतात, त्यामुळे पेंड बंद करू नका. पाऊसभर पुरतं. आणि पिकवायला कार्बाईड वापरलेल्या आंब्याची साल मेहेरबानी करून जनावराला घालू नका.

टोपीवाला | १६ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

डॉक्टर, वा! आणि हाच मुरघास बायोगॅसलाही चालेल की! चाळीस दिवसांचा माल पिशव्यांत बांधून ठेवायचा आणि लहान प्लांटला रोज थोडा थोडा, दिवाळीपर्यंत. म्हणजे प्लांट मोठा करायचा नाही, कचरा लांबवायचा.

परदेशी_पावटा | १६ फेब्रुवारी, दुपारी १:५०

टोपीवाला, जर्मनीत अगदी हेच करतात. इथे नऊ हजारांवर बायोगॅस प्लांट आहेत आणि त्यातले बरेच मक्याच्या मुरघासावर चालतात. माझ्या गावाबाहेर सफरचंदाचा रस काढणारा आहे, त्याचा चोथा शिकारी संघटनेचे लोक हरणांना हिवाळ्यात घालायला नेतात, उरला तर प्लांटला. रॉटरडॅममध्ये आंब्याच्या गरापासून चामड्यासारखं कापड करणारेही आहेत. तिकडे सडके आंबे बंदरावर फुकट मिळतात म्हणून परवडत असावं.

फुकफुक | १६ फेब्रुवारी, दुपारी २:३०

चामडं राहू द्या, मी आता मूळ प्रश्नाकडे येतो. ताई, सगळे सालीच्या मागे लागलेत. बाठ्यांचं काय? मी प्लांट बंद केल्यावर गेल्या वर्षीपासून तेच जाळतो.

रसायनकाका | १६ फेब्रुवारी, दुपारी ३:४०

फुकफुक, तुम्ही मुद्द्यावर बोट ठेवलंत. मी परवाच हा हिशेब करायला हवा होता, सालीच्या नादात राहून गेला.

तीनशे किलो ओले बाठे. वाळून निम्मे, दीडशे किलो. वाळका बाठा लाकडासारखाच जळतो, किलोमागे १६ मेगाज्यूल धरा. २४०० मेगाज्यूल झाले. १९ किलोच्या सिलिंडरात साधारण ८७० असतात. म्हणजे रोजच्या बाठ्यांत पावणेतीन सिलिंडरांएवढी उष्णता! घन इंधनाच्या बॉयलरात निम्मी वाया गेली तरी तुमची रोजची गरज भागते. ना जंतू, ना शेण, ना फेस. सालीच्या गॅसमधून अर्धा सिलिंडर काढायला आपण साडेआठ लाख खर्चत होतो.

वेंगुर्लेकर_बाय | १६ फेब्रुवारी, दुपारी ४:०५

आमच्या चुलीत पावसाळाभर बाठेच असत. पडवीत माच्यावर रचलेले. हे कुणी विचारलं असतं तर पहिल्या दिवशीच सांगितलं असतं. मी आपली मुठेल सांगत बसले.

बाठेवाली | १६ फेब्रुवारी, रात्री १०:१५

तुम्हा सगळ्यांना काय म्हणू! जाऊ आणि मी आत्ता दोन तास हिशेब करत होतो. एकच अडचण, आजचे बाठे आज ओले. म्हणजे यंदाचे वाळवून पुढल्या सीझनला जाळायचे?

फुकफुक | १६ फेब्रुवारी, रात्री १०:४०

बरोबर. मे महिन्याच्या कातळावर पसरले तर आठ दिवसांत खडखडीत. गर चिकटलेला असतो तो आधी धुवून काढा, नाहीतर मुंग्या आणि माश्या. सगळे मिळून सहा टन होतील, त्यांना छप्पर हवं. सेकंडहँड बेबी (लहान) बॉयलर शोधा, पण तो बघायला जाताना जाणकार माणूस बरोबर न्या, आणि परवान्याचं आधी विचारून घ्या. आणि हो, पाऊस यायच्या आत उचला. हे मी ठळक अक्षरात लिहिलंय असं समजा.

*(मधले १७ प्रतिसाद फेणी जांभळाची होते का यावर होते, ते वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. – संपादक)*

बाठेवाली | २८ जून, संध्याकाळी ६:२०

धागा वर काढतेय. सीझन संपला, अंगातलं त्राणही संपलं, पण हकीकत सांगायचं कबूल केलं होतं.

प्लांट घेतला नाही. त्या गृहस्थांचे अजून फोन येतात. खड्डा बंद केला. सालीचा मुरघास डॉक्टरांच्या पद्धतीने केला, दीडशे पिशव्या. त्यातल्या वीसेक फुकट गेल्या, तोंड नीट बांधलं नव्हतं, उघडल्यावर जो वास आला तो मी आयुष्यात विसरणार नाही. बाकी चांगल्या झाल्या. गावातले चार गोठेवाले येऊन नेतात. पहिल्या पिशव्या फुकट दिल्या, आता पैसे देतात. खालच्या वाडीतला अर्ज ज्याने लिहिला होता तोही नेतो.

बाठे वाळवले. साडेपाच टन. पण फुकफुकदादा, ठळक अक्षरं वाचूनही चूक केलीच. शेवटच्या चार दिवसांचे बाठे कातळावर राहिले, लग्नाचं घर होतं. पाऊस लागला. काल सकाळी मागे गेले तर अख्ख्या कातळावर लाल-तांबूस कोवळी पानं. पाचशे-सातशे तरी रोपं असतील, एकमेकांत पाय अडकवून उभी. जाऊ बघून हसतच सुटली.

वेंगुर्लेकर_बाय | २८ जून, संध्याकाळी ६:४५

अगं, उपटू नको!! पानं तांबूस आहेत तोवरच कोय कलमाला (उगवलेल्या बाठ्याच्या कोवळ्या रोपावर बांधायचं कलम) चालतात, पंधरा दिवसांच्या आत. माझ्या भावाची नर्सरी आहे, तो दर वर्षी बाठे शोधत फिरतो. त्यात रायवळ किती आणि हापूस किती?

बाठेवाली | २८ जून, संध्याकाळी ७:०२

शेवटचे दोन दिवस रायवळच फोडला होता. निम्मे तरी असतील.

वेंगुर्लेकर_बाय | २८ जून, संध्याकाळी ७:०४

उद्या सकाळी तो टेम्पो घेऊन येतो. पत्ता व्यनि कर.

चहाटळ | २८ जून, संध्याकाळी ७:०६

पत्ता मी फेब्रुवारीत पहिल्यांदा मागितला होता.